मांस घेताना नजर कुठे ठेवावी?

प्रश्न : मी नेहमी एकाच लहान दुकानातून मांस घेते. दुकानदार ओंडका आणि सुरा सतत फडक्याने पुसत असतो आणि मांसही लालभडक दिसते. एवढ्यावरून ते सुरक्षित समजावे का? घरी आणल्यावर ते धुऊन घ्यावे का?
– एक वाचक

उत्तर : रंगावर विसंबू नका. कापलेल्या मांसाला हवा लागली की मायोग्लोबिन या प्रथिनामुळे ते लाल दिसते आणि काही वेळाने तपकिरी होते; त्यावरून जंतूंचा अंदाज येत नाही. बुळबुळीत किंवा आंबूस वासाचे मांस घेऊ नयेच, परंतु साल्मोनेलासारखे जंतू रंग वा वास न बदलताही मांसावर असू शकतात.

तुम्हाला स्वच्छतेची खूण वाटलेले फडके हीच मला त्या दुकानातली सर्वांत काळजीची गोष्ट वाटते. निरोगी जनावराच्या स्नायूंच्या आत जंतू जवळपास नसतात. ते कातडीवरून, आतड्यांतून आणि माणसाच्या हातांवरून मांसाच्या पृष्ठभागावर येतात. कोंबडी कापलेला ओंडका ज्या ओल्या फडक्याने पुसला, त्यानेच सुरा, तराजू आणि हात पुसले, तर एका ठिकाणचे जंतू सगळीकडे पोहोचतात. ओंडक्याच्या भेगांत चरबी आणि मांसाचे कण अडकतात, तिथे फडके पोहोचतच नाही. तो आधी खरवडून, गरम पाणी आणि साबणाने घासून धुवायला हवा, त्यानंतर जंतुनाशक लावायला हवे आणि शेवटी पूर्ण वाळू द्यायला हवा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण रक्त आणि चरबी तशीच राहिली तर क्लोरीनयुक्त जंतुनाशकाचा प्रभाव बराच कमी होतो. यासाठी मोठे भांडवल लागत नाही, म्हणून दुकान लहान असल्याची सबब मला पटत नाही. पैसे घेतलेल्या हातानेच, तो न धुता, मांस उचलले जाते का, हेही जरूर पाहा.

खिम्याबाबत अधिक दक्षता हवी. अखंड तुकड्यात जंतू बहुधा बाहेरच्या बाजूला असतात आणि तिथे उष्णता लवकर पोहोचते. खिमा करताना मात्र तेच आतपर्यंत मिसळले जातात. शक्य तर समोर खिमा करून घ्या आणि यंत्र सुटे करून केव्हा धुतले, हे संकोच न बाळगता विचारा. शिजवताना खिम्याच्या मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस आणि कोंबडीत ७४ अंश तापमान यायला हवे.

मांस उघड्यावर टांगलेले असेल तर माश्यांइतकीच उष्णतेचीही काळजी करावी. ५ ते ६० अंशांदरम्यान जंतू वाढतात आणि अनुकूल स्थितीत काही जंतूंची संख्या सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होते. गोठवल्याने ही वाढ थांबते, पण बहुतेक जंतू मरत नाहीत. मांस वितळले की ते पुन्हा वाढू लागतात. म्हणून वितळवण्याचे कामही फ्रिजमध्येच करावे.

आता धुण्याविषयी. कच्चे मांस, विशेषतः कोंबडी, नळाखाली धुऊ नये. त्याने जंतू जात नाहीत. उलट शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर आणि शेजारी ठेवलेल्या भाजीवर उडतात. हाडाचे कण किंवा रक्त दिसले तर स्वच्छ कागदाने टिपून घ्या आणि तो कागद लगेच टाकून द्या. मांस झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे त्याचे पाणी इतर पदार्थांवर गळणार नाही.