ते 5 टक्क्यांचं प्रकरण, आणि आम्ही खाली नेमकं बघतो काय

प्रश्न असा होता की समुद्र फक्त 5 टक्केच शोधलाय असं सगळीकडे वाचायला मिळतं ते खरं का, तुम्ही डायव्हर लोक एवढं खाली जाऊन शोधता काय, आणि 12वी नंतर या लाइनला यावं का. उत्तराला उशीर झाला, जहाजावर होतो आणि तिथलं नेट म्हणजे आनंदच.

मधल्या प्रश्नापासून सुरू करतो कारण वाचून हसू आलं. 19 वर्षं कमर्शियल डायव्हिंग करतोय, त्यातली बरीच मुंबई हायला (मुंबईसमोरच्या समुद्रातलं तेलक्षेत्र), आणि मी शोधतो काय तर नटबोल्ट. खरंच सांगतो. पाइपलाइनचा क्लॅम्प ढिला झालाय का, प्लॅटफॉर्मच्या पायांवर कालवं किती चढलीत, ती खरवडून आतल्या वेल्डला तडा गेलाय का ते तपासायचं. मुंबई बंदरातल्या कामात तर काचेला टेकवलेला स्वतःचा हात दिसत नाही, तिथे बोटांनीच बघायचं असतं.

मुंबई हायला पाणी साधारण 75 मीटर खोल. दर 10 मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे तळाला साडेआठपट. साधी हवा घेऊन 30 मीटरच्या खाली गेलं की नायट्रोजन डोक्यात चढतो, दोन पेग झाल्यासारखं वाटतं आणि आपल्याला काही झालंय हेच कळत नाही, म्हणून खोल कामाला हेलियम मिसळलेला गॅस देतात. मग आवाज बदकासारखा होतो आणि वर कंट्रोलमध्ये मशीन लावून तो परत माणसाचा करावा लागतो. आम्ही जहाजावरच्या चेंबरमध्ये तळाच्याच दाबाखाली तीन-चार आठवडे राहतो, बेलमधून (दोरावर खाली सोडतात ती बंद कुपी) कामाला जातो-येतो, आणि शेवटी दाब उतरवायला तीन-चार दिवस लागतात. अंतराळ स्थानकावरचा माणूस काही तासांत पृथ्वीवर पोचतो, आणि आम्ही जहाजावरच असून बायकोच्या हातचा चहा चार दिवस लांब.

आता ते 5 टक्के. हा आकडा वर्षानुवर्षं फिरतोय आणि त्यात वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी आहे. ढोबळ नकाशा म्हणशील तर अख्ख्या समुद्रतळाचा आहे, तो उपग्रहावरून काढलेला. पाण्याखाली डोंगर असला की त्याच्या ओढीने वरचं पाणी किंचित फुगतं, तो फुगवटा मोजून खालचा डोंगर ओळखतात, भारी डोकं आहे ज्याचं असेल त्याचं. पण त्यात काही किलोमीटरपेक्षा लहान गोष्ट कळत नाही. जहाजावरून सोनार मारून (म्हणजे आवाज खाली सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजून) नीट नकाशा झालाय तो जेमतेम पाव भागाचा. आणि डोळ्यांनी किंवा कॅमेऱ्याने बघितलेला खोल तळ (200 मीटरच्या खालचा) 2025 मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार 0.001 टक्क्यापेक्षाही कमी. मग चंद्राचा नकाशा जास्त चांगला कसा, तर रडार आणि उजेड पाण्यात फार खोल जातच नाहीत, आवाज तेवढा जातो. यात कोणाचा आळस नाहीये.

आणि बघितलं म्हणजे कळलं असंही नाही, हे मला या धंद्याने शिकवलं. 1960 च्या जानेवारीत पिकार्ड आणि वॉल्श हे दोघं ट्रिएस्ट नावाच्या पाणबुडीतून मारियाना गर्तेच्या (समुद्रातली सगळ्यात खोल जागा) तळाला पोचले, जवळजवळ 11 किलोमीटर खाली. उतरायला पावणेपाच तास, तळाला 20 मिनिटं, आणि टेकल्या टेकल्या एवढा गाळ उठला की फोटो काढता आला नाही. कुठल्याही डायव्हरला विचार, गाळ उठला की खेळ संपला. पिकार्डने सांगितलं की खिडकीतून चपटा मासा दिसला, आणि जीवशास्त्रज्ञ आजही ते मानत नाहीत, कारण एवढ्या दाबात माशाचं शरीर टिकेल असं त्यांना वाटत नाही, कॅमेऱ्यात मिळालेला सगळ्यात खोल मासा 8,336 मीटरचा आहे. मी पिकार्डला खोटं म्हणणार नाही. मी स्वतः एकदा टॉर्चच्या उजेडात जाडजूड साप हलताना बघितला, कंट्रोलला ओरडून सांगितलं, अन् निघाला जुना दोर, प्रवाहात डोलत होता. हेल्मेटचा कॅमेरा नसता तर आजही मी ती सापाची गोष्ट शपथेवर सांगत बसलो असतो.

याच्या उलट 1977 ची, पॅसिफिकमधल्या गॅलापागोस बेटांजवळची गोष्ट. भूगर्भवाले लोक अडीच किलोमीटर खाली गरम पाण्याचे झरे शोधायला गेले, झरे मिळाले, पण भोवती भलेमोठे शिंपले आणि नळीत राहणारे किडे, आणि टीममध्ये जीवशास्त्राचा माणूस एकही नाही! नमुने ठेवायला फॉर्मलिन पुरेना तेव्हा व्होडका वापरली. पण वर आणलं म्हणून पुढे कळलं की तिथलं जीवन सूर्यावर नाही, झऱ्यातल्या रसायनांवर जगणाऱ्या जिवाणूंवर चालतं. व्होडका बुडाली पण पुरावा राहिला.

आपल्याकडे चेन्नईची एनआयओटी (राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था) मत्स्य 6000 नावाची पाणबुडी बनवतेय, तीन माणसं 6000 मीटर खाली नेणारी, माणसं बसतात तो टायटॅनियमचा गोळा आतून जेमतेम 2.1 मीटर. त्यात बसायला मिळालं तर मी पगार मागणार नाही (बायकोला सांगू नका). पण एवढं लांब कशाला, विजयदुर्गपासून शंभरावर किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचं पाण्याखालचं पठार आहे, तिथल्या प्रवाळाचा माथा 20-एक मीटरवर, आणि शास्त्रज्ञांच्या मोठ्या मोहिमा तिथे आत्ता कुठे व्हायला लागल्यात.

लाइनला यायचं का, तर ये, पण निळं पाणी आणि कासवं डोक्यात ठेवून येऊ नको, निम्मा वेळ घाण पाण्यात स्पॅनर धरून जातो. आधी तारकर्लीला जाऊन साधा स्कूबा कोर्स कर, त्यात आवडतंय का ते कळेल. आणि त्याच्याही आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, कानाचा दाब जमत नसेल तर पाच मीटरवरच रडशील, सर्दी असताना तर पाण्यात उतरूच नको.