आई-बाबांना मुंबईहून मेलबर्नला आणायचंय, बजेट एअरलाइन चालेल का? कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा दोघंही पासष्टीच्या पुढचे आहेत, पुण्याला राहतात, परदेश प्रवास पहिलाच आहे आणि बजेट कंपनीचं तिकीट माणशी बरंच स्वस्त दिसतंय. मी मेलबर्नलाच राहते. इथल्या मराठी घरांत दिवाळी झाली की हीच चर्चा सुरू होते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

कंपनीचं नाव नंतर बघा. मुंबई ते मेलबर्न हा सगळा प्रवास एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर आहे का, हे आधी बघा. नसेल तर ते तिकीट कितीही स्वस्त असो, आई-बाबांसाठी घेऊ नका. तुम्ही स्वतः एकटे येणार असता तर वेगळं बोलले असते.

तिकिटं शोधायच्या वेबसाइटवर सगळ्यात वर जो स्वस्त पर्याय येतो, तो पुष्कळदा दोन कंपन्यांची दोन सुटी तिकिटं जोडून केलेला असतो. मुंबई–सिंगापूर एका कंपनीचं, सिंगापूर–मेलबर्न दुसरीचं. खाली बारीक अक्षरात 'सेल्फ ट्रान्सफर' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा की सिंगापूरला उतरल्यावर आई-बाबांनी इमिग्रेशन ओलांडून बाहेर यायचं, पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, पुन्हा दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर जाऊन चेक-इन करायचं. बाहेर यायचं तर भारतीय पासपोर्टवर सहसा सिंगापूरचा व्हिसा लागतो (ऑस्ट्रेलियाचा व्हिसा असलेल्यांना काही अटींवर थोड्या दिवसांची सूट मिळू शकते, पण ती हमखास नाही). दोन्ही नसेल तर मुंबईच्या काउंटरवरच विमानात चढू देणार नाहीत, आणि त्यांचं काही चुकत नाही. मलेशियाला सध्या भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण आगमनाचा ऑनलाइन फॉर्म आधी भरावा लागतो. शिवाय क्वालालंपूरला टर्मिनल दोन आहेत: एअरएशियाची विमानं टर्मिनल 2 वरून सुटतात, मलेशिया एअरलाइन्सची टर्मिनल 1 वरून, आणि मधे ट्रेन किंवा बस. बँकॉकला तर विमानतळच दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग. ते शहराच्या दोन बाजूंना आहेत.

हे सगळं जमलं असं धरू. पण मुंबईचं विमान चार तास उशिरा सुटलं तर? दोन सुट्या तिकिटांत पुढच्या कंपनीच्या लेखी तुमचे आई-बाबा आलेच नाहीत, एवढंच. त्यांचं तिकीट गेलं. नवं तिकीट त्याच दिवशीच्या दराने, तुमच्या खिशातून. एकच पीएनआर असेल तर पुढच्या विमानात बसवून द्यायची जबाबदारी कंपनीची असते. लांबच्या प्रवासात मी पैसे मोजते ते मुख्यतः याच जबाबदारीचे. जेवण, सिनेमे, उशी हे त्यानंतर.

आता स्वस्त म्हणजे खरंच किती स्वस्त, ते बघू. छोट्या पल्ल्यावर बजेट कंपन्यांना जी बचत होते ती विमान जमिनीवर कमीत कमी वेळ ठेवून. अर्ध्या तासात रिकामं करायचं, भरायचं, उडवायचं, दिवसाला जास्तीत जास्त फेऱ्या. आठ तासांच्या उड्डाणात ही युक्ती चालत नाही, कारण मोठ्या कंपन्यांची लांब पल्ल्याची विमानंही दिवसाचा बराचसा वेळ हवेतच असतात. इंधन तेवढंच जळतं. मग बचत काढायची कुठून? जास्त सीट बसवायच्या, आणि बॅग, जेवण, पांघरूण, सीट निवडणं हे सगळं तिकिटातून वेगळं काढून विकायचं. म्हणून पहिल्या पडद्यावर दिसणारा आकडा आणि शेवटी कार्डवरून जाणारी रक्कम यांत एवढा फरक पडतो.

आणि आपले आई-बाबा काय सात किलोंची केबिन बॅग घेऊन येत नाहीत! लेकीकडे निघालेल्या माणसांच्या बॅगेत गोडा मसाला, मेतकूट, पापड-कुरडया, नातवंडांचे कपडे आणि शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलासाठी दिलेली पिशवीसुद्धा असते. एअरएशिया आणि व्हिएतजेट या बजेट कंपन्यांच्या साध्या तिकिटात केबिनमध्ये 7 किलो मिळतात, सिंगापूरच्या स्कूट या बजेट कंपनीच्या तिकिटात 10. चेक-इन बॅगेचे पैसे वेगळे. तेही बुकिंग करतानाच भरले तर आवाक्यात असतात; विमानतळावर काट्यावर बॅग ठेवल्यावर भरायची वेळ आली तर दर ऐकून डोळे पांढरे होतात. तेव्हा तुलना करताना एक कागद घ्या. दोघांचं जाऊन-येऊन तिकीट, प्रत्येकी 30 किलो, दोन वेळचं जेवण, शेजारशेजारच्या सीट, सगळं धरून बेरीज करा आणि मग मोठ्या कंपनीच्या आकड्याशेजारी ठेवा. माझा अनुभव असा की ऐन डिसेंबरात, इथल्या शाळांना सुट्ट्या असतात तेव्हा, फरक उरतो पण पहिल्यांदा दिसला तेवढा मुळीच नाही. फेब्रुवारी-मार्च किंवा मे महिन्यात मोठ्या कंपन्यांचे दरही उतरतात, तेव्हा कधीकधी फरक जवळजवळ संपतो.

सीटबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण यात लोकांचे गैरसमज खूप आहेत. 'बजेट म्हणजे सीट अरुंद' हे सरसकट खरं नाही. विमान कोणतं आहे ते बघा. बोईंग 787 मध्ये स्कूट एका रांगेत तीन-तीन-तीन अशा नऊ सीट बसवते, आणि जगातल्या बहुतेक नावाजलेल्या कंपन्याही 787 मध्ये नऊच बसवतात. म्हणजे रुंदीत फरक जवळपास नाहीच. पण एअरबस ए-330 चं तसं नाही. या विमानात मोठ्या कंपन्या दोन-चार-दोन अशा आठ सीट ठेवतात. एअरएशिया एक्स, म्हणजे एअरएशियाची लांब पल्ल्याची कंपनी, त्याच रुंदीत तीन-तीन-तीन करून नऊ बसवते. प्रत्येक सीट इंचभर तरी अरुंद होते. तरुण माणूस ते सहन करतो. क्वालालंपूरहून मेलबर्न सुमारे आठ तासांचं आहे. गुडघे धरलेल्या माणसाला तो इंच रात्रभर जाणवतो.

आणि जोडप्याला दोन-चार-दोनची मजा वेगळीच. खिडकीकडच्या दोन सीट दोघांच्या, तिसरं कोणी मधे नाही. तीन-तीन-तीन असेल तर आई मधे, बाबा खिडकीत आणि कडेला एक झोपलेला परका माणूस, अशी रचना करू नका. बाबा रात्री दोनदा उठणार, आणि त्या माणसाला उठवायच्या संकोचाने पाणीच पिणार नाहीत. त्याऐवजी कडेच्या समोरासमोरच्या दोन सीट घ्या, सी आणि डी. मधे फक्त चालायची वाट. हात लांब केला की एकमेकांना गोळी, चष्मा देता येतो, आणि दोघांनाही कोणाला न विचारता उठता येतं. सीट निवडायचे पैसे याच एका गोष्टीसाठी बिनधास्त भरा.

पुढचा मुद्दा फार कमी लोक बघतात: त्या मार्गावर त्या कंपनीची दिवसाला विमानं किती? सिंगापूर एअरलाइन्सची सिंगापूर–मेलबर्न दिवसाला अनेक विमानं आहेत. एक रद्द झालं तर काही तासांत दुसरं मिळायची शक्यता असते. बजेट कंपनीचं दिवसाला एखादंच असेल, किंवा आठवड्यात ठराविक दिवशीच असेल, तर रद्द झाल्यावर पुढचं मिळेपर्यंत एक-दोन दिवस जाऊ शकतात, आणि दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवून द्यायचे करार त्यांच्यात सहसा नसतात. तुम्ही-मी अशा वेळी मोबाइलवर चॅटबॉटशी भांडून वाट काढतो. आईच्या फोनवर रोमिंग नाही, इंग्रजीत बोलायची सवय नाही, बाबांची शुगरची गोळी जेवणाच्या वेळेवर अवलंबून, अशी ती रात्र डोळ्यांसमोर आणा आणि मग ठरवा.

कंपनीच बंद पडण्याचा धोकाही लांब पल्ल्याच्या बजेट धंद्यात नवा नाही. लंडन–न्यूयॉर्क स्वस्तात नेणारी, लेकर एअरवेज या ब्रिटिश कंपनीची 'स्कायट्रेन' विमानसेवा 1977 ला सुरू झाली आणि 1982 ला कंपनी बुडाली. हाँगकाँगची ओएसिस 2008 ला गेली. आइसलँडची वॉव एअर डिसेंबर 2018 मध्ये दिल्लीपर्यंत आली होती. मार्च 2019 मध्ये ती बंद झाली तेव्हा प्रवासी जागोजागी अडकले. नॉर्वेजियन या विमान कंपनीने 2021 मध्ये लांबचे मार्ग सोडले. एअरएशिया एक्सनेही 2012 मध्ये मुंबई, दिल्ली, लंडन, पॅरिस हे मार्ग बंद केले होते, कंपनी मात्र टिकली. आपल्या नेहमीच्या वाटेवरचं अलीकडचं उदाहरण म्हणजे सिंगापूरची जेटस्टार एशिया, जुलै 2025 अखेर बंद. तेव्हा पैसे क्रेडिट कार्डानेच भरा, म्हणजे सेवा मिळाली नाही तर बँकेकडे रक्कम परत मागता येते. प्रवास विमा घेताना विमान कंपनी बुडाली तर पैसे मिळतात का, हे कलम वाचा. सगळ्या पॉलिसींत ते नसतं.

भरपाईच्या बाबतीत युरोपाच्या गोष्टी ऐकून इथे आशा धरू नका. युरोपीय संघातून सुटणाऱ्या 3,500 किलोमीटरहून लांबच्या विमानाला मोठा उशीर झाला आणि चूक कंपनीची असली तर माणशी 600 युरोपर्यंत मिळतात. ऑस्ट्रेलियात अशी ठराविक रक्कम नाही. बॅग हरवली तर मात्र माँट्रियल करार (आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईचा करार) लागू होतो, आणि तो बजेट कंपनीलाही तेवढाच लागू आहे. कमाल मर्यादा 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), म्हणजे साधारण पावणेदोन ते दोन लाख रुपये. आत काय होतं याचे फोटो काढून ठेवा.

स्वस्त म्हणजे असुरक्षित, ही भीती मनातून काढून टाका. स्कूट ही सिंगापूर एअरलाइन्सची कंपनी आहे, जेटस्टार क्वांटासची. सुरक्षेचे नियम आणि तपासणी करणारी यंत्रणा स्वस्त कंपनीला वेगळी नसते.

आता नावं. तुमच्या आई-बाबांच्या पहिल्या प्रवासासाठी मी दोनच पर्याय बघेन. एक, पुणे किंवा मुंबईहून दिल्ली आणि दिल्लीहून एअर इंडियाचं थेट मेलबर्न, सगळं एका तिकिटावर. लांबचा टप्पा एकच आणि मधला थांबा आपल्या देशात, दिल्लीत कोणालाही हिंदीत विचारता येतं. दोन, मुंबईहून सिंगापूर एअरलाइन्स. त्यांच्याच वेबसाइटवर कधीकधी पुढचा टप्पा स्कूटच्या विमानाचा, पण तिकीट एकच, असा पर्याय दिसतो. तो स्वस्त असेल आणि त्यात बॅग-जेवण धरलेलं आहे याची खात्री केलीत तर बिनघोर घ्या. पूर्ण बजेटच घ्यायचं असेल तर माझा क्रम स्कूट आधी, एअरएशिया एक्स नंतर, आणि दोन्हींत संपूर्ण प्रवास त्याच कंपनीच्या एका बुकिंगवर. अडचण अशी की स्कूटची विमानं चेन्नई, कोइंबतूर, अमृतसर अशा शहरांतून सुटतात. पुण्याहून चेन्नईला वेगळ्या तिकिटाने जायचं म्हणजे पुन्हा तोच सुट्या तिकिटांचा घोळ. एक रात्र चेन्नईत मुक्काम ठेवणार असाल तरच त्यात पडा. स्कूटप्लसच्या (स्कूटच्या पुढच्या, जास्त रुंद सीट) किंवा एअरएशिया एक्सच्या पुढच्या बारा आडव्या होणाऱ्या सीटचे दरही एकदा बघून ठेवा. मोठ्या कंपनीच्या इकॉनॉमीपेक्षा थोडेच जास्त पडत असतील तर पाठ दुखणाऱ्या माणसासाठी ते पैसे सार्थकी लागतात.

विमानतळाचं नाव पूर्ण वाचा. मेलबर्नचा मुख्य विमानतळ टुलामरीन. अ‍ॅव्हलॉन नावाचा दुसरा आहे, तो जिलाँगच्या वाटेवर, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, तेव्हा तिकिटावर नुसतं 'मुंबई' बघून पुण्याहून गाडी सांगू नका.

तिकीट कोणतंही काढलंत तरी व्हीलचेअर किमान 48 तास आधी नोंदवा. चालता येत असलं तरी नोंदवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बदलाच्या विमानतळावर योग्य गेटपर्यंत नेणारं माणूस सोबत मिळतं, हा तिचा खरा उपयोग. बजेट कंपनी असेल तर शाकाहारी जेवण बुकिंगमध्येच घाला, कारण विमानात आयत्या वेळी उरलेलंच मिळतं आणि पैसे परदेशात चालणाऱ्या कार्डावर मागतात. अंगावर शाल असू दे, पांघरूण विकत घ्यावं लागतं. सिंगापूरला सुरक्षा तपासणी गेटच्या दाराशी असते, तिथे भरलेली पाण्याची बाटली ओतून टाकावी लागते, हे आईला आधीच सांगून ठेवा. आणि पेढे-बर्फी आणायला सांगू नका. दुधाची मिठाई इथे आत येऊ देत नाहीत. बाकी जे काही खायचं असेल ते सगळं आगमनाच्या कार्डावर 'हो' म्हणून लिहायचं. लिहून दाखवलेली वस्तू फार तर काढून घेतात, न लिहिलेली सापडली तर दंड होतो.

तारखा ठरल्या की खाली लिहा. दोन पर्याय समोर असतील तर दोन्हींची पूर्ण बेरीज, बॅगांसकट, टाका, बघून सांगते.