नऊ कप्पे आणि आपले अर्थविचार

प्रश्न : आम्ही काही मित्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कल्पित साहसांचा खेळ खेळतो. त्यात प्रत्येक पात्राचा नैतिक कल ठरवावा लागतो. पात्र नियमनिष्ठ, तटस्थ की स्वैर, हे एक माप. सज्जन, तटस्थ की दुष्ट, हे दुसरे. परवा अर्थसंकल्पावर वाद झाला तेव्हा हेच कप्पे आम्ही एकमेकांना लावले. सरकारने धंद्यात कमीत कमी हात घालावा या मतामुळे मी ‘स्वैर-दुष्ट’ ठरलो आणि कर वाढवून बेघरांना घरे द्यावीत म्हणणारा मित्र ‘नियमनिष्ठ-सज्जन’ ठरला. हे योग्य आहे का? (एक महाविद्यालयीन वाचक, फोंडा)

उत्तर : योग्य नाही. तुमच्या मित्रांनी दोन मापांचे एकच माप केले आणि त्यात तुमच्यावर अन्याय झाला. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला तेव्हा त्यात नियम, तटस्थता आणि स्वैरता एवढेच तीन कल होते. सज्जन-दुष्ट ही जोडी नंतर आली आणि आजचे नऊ कप्पे १९७८ च्या नियमपुस्तकात पक्के झाले. नियम पाळणारा दुष्ट असू शकतो आणि नियम झुगारणारा सज्जन, हे दाखवता यावे यातच दुसऱ्या मापाचे सगळे मोल आहे.

माणसाचे आर्थिक मत बहुतांशी पहिल्या मापावर बसते, कारण कोणी काय पिकवावे आणि कोणाला किती मिळावे हे सर्वांना बांधणाऱ्या नियमाने ठरावे की ज्याच्या त्याच्या मर्जीने, यावरच ते मत असते. मात्र नियम म्हणजे सरकार, असे समजू नये. मुक्त बाजाराच्या कट्टर समर्थकालाही करारपत्र, मालकीहक्क आणि न्यायालय यांवाचून पाऊल टाकता येत नाही, म्हणून तो पुष्कळदा नियमनिष्ठच असतो; उलट संपत्ती सर्वांची असावी पण राज्यसंस्था नसावी असे मानणारा क्रोपोट्किनसारखा विचारवंत डावा असूनही स्वैरतेच्या बाजूला जातो.

आपल्या गोव्यातली गावकरी, म्हणजे पुढे पोर्तुगीज अमदानीत जिला कोमुनिदाद म्हटले गेले ती व्यवस्था, या तक्त्यावर ठेवून पाहण्यासारखी आहे. जमीन गावाची, तिचे तुकडे बोली लावून कसायला द्यायचे, उत्पन्नातून बांधबंदिस्तीचा आणि सामाईक कामांचा खर्च भागवायचा आणि उरलेली रक्कम गावकऱ्यांत, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांत, झोण (वाटा) म्हणून वाटायची, अशी तिची रीत होती. मालकी सामूहिक आणि कसण्याचा हक्क मात्र बोलीने, हे आजच्या डाव्या-उजव्या भाषेत कुठेच बसत नाही. खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत, मानशीची (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची) दारे नादुरुस्त राहिली किंवा बांध एका जागी फुटला तरी खारे पाणी सगळ्यांच्याच भातात शिरते, त्यामुळे तिथे मर्जीप्रमाणे वागण्याची मुभा कोणालाच नव्हती. ही व्यवस्था पक्की नियमनिष्ठ होती. सज्जन होती का? झोण गावकऱ्यांच्या पुरुष वंशजांना मिळे. स्त्रिया आणि मागाहून येऊन वसलेली कुटुंबे त्या हक्काबाहेर राहत. खेळाच्या नियमांत तटस्थ म्हणजे जो आपल्या माणसांसाठी झिजतो पण परक्यासाठी त्याग करण्याची बांधिलकी मानत नाही तो, आणि माझ्या मते गावकरी नेमकी तिथेच बसते.

दुसरे माप तुम्हाला कोणती व्यवस्था आवडते हे विचारतच नाही. दुसऱ्यासाठी तुम्ही काय सोडाल आणि स्वतःच्या फायद्यासाठी कोणाला दुखवायला तयार व्हाल, एवढेच ते विचारते. परवान्यांच्या जाचात गाडेवाला आणि लहान दुकानदार भरडला जातो म्हणून तुम्हाला सरकार कमी हवे असेल, तर तुम्ही स्वैर-सज्जन आहात. कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडताना कोणी विचारू नये म्हणून हवे असेल, तर मित्रांचे म्हणणे खरे ठरेल. तोच न्याय त्या मित्रालाही लागू आहे. कर गोळा करून घरे फक्त आपल्या मतदारांना वाटणारा आणि बाकीच्यांना मुद्दाम उघड्यावर ठेवणारा मनुष्य कागदोपत्री कितीही नियमनिष्ठ असला तरी सज्जन नव्हे.

कसणाऱ्याला जमीन मिळावी ही एकच इच्छा दोन टोकांच्या मार्गांनी कशी चालली हे आपल्या इतिहासात दिसते. विनोबांना पहिले भूदान १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत मिळाले, आणि त्यांनी कायदा न मागता माणसाच्या विवेकाला हात घातला. गोव्यात शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७६ साली कूळ कायद्यात दुरुस्ती होऊन कुळाला मालक मानले गेले, तिथे विवेकाची वाट पाहिली गेली नाही. दानातील बरीच जमीन भूमिहीनांपर्यंत पोहोचलीच नाही आणि कायद्याने दिलेला हक्क मिळवण्यासाठी कुळांना मामलेदार कचेरीत वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले; तरीही सज्जनतेच्या मापावर मी दोघांना शेजारीच बसवीन. मला स्वतःला कायद्याचा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो, पण हा भेद साधनांचा आहे.

एक सूचना करतो. खेळातही केवळ कागदावर लिहिल्याने कल ठरत नाही. पात्राचे वागणे सतत वेगळे दिसले तर खेळ चालवणारा तो बदलू शकतो. एकमेकांची मते बाजूला ठेवून वागणे पाहा आणि मग कप्पे भरा.

प्रश्न : माझा नातू हा खेळ खेळतो. त्याने माझ्या भाटकार (जमीनमालक) वडिलांना ‘नियमनिष्ठ-दुष्ट’ म्हटले. वडिलांनी एकाही मुंडकाराला, म्हणजे आपल्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला, घराबाहेर काढले नाही, आजारपणात भात दिले, पण मुंडकार कायद्याला मात्र विरोध केला. त्यांना कुठे ठेवावे? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : आपण सांगता त्यावरून आपले वडील सज्जन होते आणि त्यांना दुष्ट म्हणणे चुकीचे आहे. परंतु नातवाच्या रागातही तथ्य आहे. त्यांचा चांगुलपणा त्यांच्या मर्जीवर उभा होता. पुढचा भाटकार तसाच वागेल याची हमी मुंडकाराकडे नव्हती आणि १९७५ च्या कायद्याने ती हमी दिली. तेव्हा वडिलांना तटस्थ-सज्जन म्हणावे, ते ज्या व्यवस्थेत भाटकार होते तिला मात्र तो मान देऊ नये, आणि नातवाला हे दोन निवाडे वेगवेगळे लिहायला सांगावे.