ओंटारिओत येऊन मान-कंबर ‘बसवायचा’ विचार असेल तर

संग्राम, तू विचारलंयस की बीपीटी म्हणजे फिजिओथेरपीची पदवी झालीय, कायरोप्रॅक्टिकचा (हाताने मणके-सांधे बसवण्याचा) छोटा कोर्सही केलाय, तर कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला आल्यावर फिजिओची नोंदणी होईपर्यंत बेसमेंटमध्ये आपल्याच लोकांची मान-कंबर बसवून दिली तर चालेल का. नाही चालणार भावा. आबांनाही हे वाचून दाखव, कारण ही कल्पना त्यांचीच दिसते.

कोल्हापुरात गंगावेशीत तालमीतल्या पोरांचे निखळलेले खांदे आबा बसवतात. त्यांच्या हाताला गुण आहे, माझाही खांदा त्यांनीच बसवलाय. पण ओंटारिओत १९९१ च्या रेग्युलेटेड हेल्थ प्रोफेशन्स ॲक्टचं कलम २७ आहे. निखळलेला सांधा बसवणं आणि मणक्याच्या सांध्याला नेहमीच्या हालचालीपलीकडे झटका देणं, दोन्ही त्यात ‘कंट्रोल्ड ॲक्ट’, म्हणजे नियंत्रित कृती, आहेत. कायद्याने अधिकार दिलेल्या, नोंदणी असलेल्या माणसानेच ती करायची. पैसे घेतले नाहीत, गाववाला होता, त्यानेच गळ घातली, यातलं काहीही कामी येत नाही.

कोर्टाचं कसं होतं तेही सांगतो. तक्रार आली की कायरोप्रॅक्टरांचं नियामक मंडळ सहसा आधी पत्र पाठवतं आणि काम बंद करतोय असं लेखी मागतं. ऐकलं नाही तर ते सुपिरिअर कोर्टात मनाईहुकमासाठी जातं. तुझी जाहिरात, कडकड आवाजाचे इन्स्टाग्राम रील, पैसे आल्याच्या नोंदी, सगळं पुरावा होऊ शकतं. कुणाला इजा झाली तरच कोर्ट, असं आपल्या लोकांना वाटतं. तसं नाही. कायदा मोडला जातोय एवढं दिसलं तरी हुकूम निघू शकतो, वर समोरच्याचा कोर्टखर्चही तुझ्यावर पडू शकतो. हुकमानंतर पुन्हा हात लावलास तर तो कोर्टाचा अवमान, त्यात तुरुंगही होतो. कलम २७ चा खटला वेगळा: पहिल्याच गुन्ह्याला २५,००० डॉलरपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. ब्रिटिश कोलंबियातही नियामक मंडळ असा मनाईहुकूम आणू शकतं, त्यामुळे प्रांत बदलून सुटका नाही.

मला खरी काळजी तुझ्या फिजिओच्या अर्जाची वाटते. त्यात तुझ्या आधीच्या वागणुकीबद्दल विचारतात, आणि कोर्टाचा हुकूम लपत नाही.

मानेला तर अजिबात झटका देऊ नकोस. अशा झटक्यानंतर मानेतल्या धमनीला चीर जाऊन पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. दुर्मीळ असतील, पण तसं झालं तर तुझ्याकडे ना विमा असेल ना परवाना.

आणि नावाआधीचं ‘डॉ.’ काढ. आपल्याकडे फिजिओ सर्रास लावतात. इथे रुग्णसेवा देताना ते कुणी लावायचं हेही कायद्यात ठरलंय, आणि बीपीटीवर ते लावता येत नाही.

तुझी नोंदणी होईपर्यंत नोंदणीकृत फिजिओच्या देखरेखीखाली असिस्टंटची नोकरी कर. पगार कमी आहे, पण इथल्या क्लिनिकचं काम कळतं. कायरोप्रॅक्टरच व्हायचं असेल तर टोरंटोला कॅनेडियन मेमोरियल कायरोप्रॅक्टिक कॉलेजात चार वर्षं आणि भरपूर पैसा घालवावा लागेल. मी तुला ते सुचवणार नाही. नोंदणी झालेल्या फिजिओला जादा प्रशिक्षण घेऊन, कॉलेज ऑफ फिजिओथेरपिस्ट्सकडे (हे फिजिओंचं नियामक मंडळ) तशी नोंद करून, मणक्याचं मॅनिप्युलेशन रीतसर करता येतं. तुला हवंय तेच काम आहे ते.

निघण्याआधी विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट आणि मुंबईच्या ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) कौन्सिलचं नोंदणीचं पत्र मार्गी लाव. इथून त्यांचा पाठपुरावा करणं फार जड जातं.