निकाल लांबवणाऱ्या न्यायाधीशांना जाब विचारता येतो का?

निकालाला विलंब केल्याबद्दल न्यायाधीशांवर दावा लावता येतो का, असे आपण विचारले आहे. तसा येत नाही, कारण १९८५ चा न्यायाधीश संरक्षण कायदा आड येतो. त्यांच्या वरिष्ठांकडे दाद मात्र मागता येते आणि ती मागितलीच पाहिजे.

माझ्या वडिलांचा जमीन वाटपाचा दावा तालुक्याच्या न्यायालयात होता. पुरावा संपला, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद झाले आणि प्रकरण निकालावर ठेवले गेले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २० प्रमाणे निकाल ३० दिवसांत, अपवादात्मक कारण असल्यास ६० दिवसांत अपेक्षित असतो. आमचा ११ महिने आला नाही. दर तारखेला वडील सातबाऱ्याचे उतारे प्लास्टिकच्या पिशवीत घालून पहिल्या एसटीने जात, पुकारा होईपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहत आणि संध्याकाळी पुढची तारीख पिशवीतल्या चिठोऱ्यावर लिहून आणत. अखेर न्यायाधीशांची बदली झाली. निकाल लिहिलेलाच नसल्यामुळे नव्या न्यायाधीशांसमोर युक्तिवाद पुन्हा करावे लागले; तोवर वडील गेले होते आणि वारस म्हणून आम्हा भावांची नावे लागली होती.

सहाव्या महिन्यातच जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करू, असे मी म्हणत होतो. "साहेब दुखावतील, हातचा निकाल विरुद्ध जाईल," म्हणून दादाने मला अडवले. उच्च न्यायालयात राखून ठेवलेला निकाल तीन महिन्यांत न आल्यास पक्षकाराला अर्ज करता येतो आणि सहा महिने उलटल्यास प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे देण्याची विनंती मुख्य न्यायमूर्तींना करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये अनिल राय प्रकरणात सांगितले आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींबाबत जे चालते, ते तालुक्यात उद्धटपणाचे कसे ठरते? अर्जात निकाल आपल्या बाजूने द्या असे मागायचे नसते, केवळ निकाल द्या एवढेच मागायचे असते, हे मी दादाला आजही सांगतो. तेव्हा आपण रोजनाम्याची, म्हणजे दर तारखेला न्यायालयात काय झाले त्याच्या नोंदीची, प्रमाणित प्रत काढा, युक्तिवाद कोणत्या दिवशी संपले ते अर्जात लिहा आणि घरच्यांच्या भीतीपायी थांबू नका.

अर्थात, आपला पुरावाच अजून संपला नसेल, तर तहकुबीचे अर्ज कोणी दिले हे रोजनाम्यात आधी पाहा. रिक्त पदे आणि वकिलांच्या तहकुब्या यांचा दोष न्यायाधीशांवर टाकणे योग्य नाही.