सही तिची, निर्णय सासूचा

"ऑपरेशन झाल्यापासून अंगात जीव नाही, नवऱ्याजवळ जावंसं वाटत नाही, उगीच रडू येतं. नळ्या बांधल्यामुळे का?" हे बायका मला नेहमी विचारतात, बहुतेक वेळा जायला उठल्यावर.

केज तालुक्यातल्या, ऊसतोडीला जाणाऱ्या चोविशीतल्या एकीचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. दोन मुलींवर मुलगा झाला आणि सासू म्हणाली, "आता उरकून घ्या." कागदावर सही हिची, निर्णय सासूचा. बेंबीखालच्या बोटभर व्रणावर हात ठेवून तिनं विचारलं, "ताई, नळी बांधली मंग रगत आत साचतंय का ओ?"

मी चित्र काढून दाखवलं. बंद होतात त्या फक्त नळ्या. गर्भाशय आणि बीजकोष जागेवरच असतात, म्हणून पाळी येत राहते, संप्रेरकं तयार होत राहतात. बीज शरीरातच विरून जातं, काही साचत नाही. थकव्यासाठी रक्त तपासायला लावलं, हिमोग्लोबिन ८ निघालं. अशा अंगानं दिवसभर उसाच्या मोळ्या वाहायच्या म्हटल्यावर दम लागणारच. गोळ्या सुरू झाल्या, थकवा कमी झाला.

रडू मात्र थांबेना. "माझ्या अंगाचं समद्यांनी ठरवलं, मला कुणी इचारलं बी नाय." हे खरं दुखणं, आणि ते चित्र काढून जात नाही. त्यात ती कुणाशी दोन शब्द बोलली की नवरा म्हणायचा, "आता तुला कशाची भीती?" हे वाक्य ऐकलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

त्यालाही बोलावलं. पुरुषानं ऑपरेशन केलं तर कमजोरी येते, मग कोयता कसा चालवायचा, हे त्याचं म्हणणं. खरं तर पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी जास्त सोपी, आणि तिनं कमजोरी येत नाही. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती, पुरुषांचं प्रमाण ०.३ टक्के. त्याची टोमणे मारायची सवय एकदम सुटली नाही. पण आता ती ऐकून घेत नाही, तिथल्या तिथं सुनावते.

नळ्या पुन्हा जोडता येतात, पण मूल होईलच याची खात्री नसते. म्हणून वय कमी असेल, मन तयार नसेल, तर दहा वर्षं चालणारी तांबी किंवा तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन आहे. घाई करू नका. ऑपरेशन होऊन गेलंय आणि दोन आठवड्यांवर झोप नाही, जीव नकोसा वाटतोय, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.