३० हजारांत पहिला डीएसएलआर कोणता घ्यावा, निकॉन की कॅनन?

तुमच्या प्रश्नातील एक वाक्य मनाला लागले, म्हणून हे उत्तर लिहीत आहे. तुम्ही लिहिले आहे की ऑफिसातील एक सहकारी तुम्हाला सांगतात, "एन्ट्री लेव्हल कॅमेरा घेऊ नका, वर्षभरात पस्तावाल, थोडे थांबून वरचे मॉडेल घ्या." हेच वाक्य मी २०११ सालापासून माझ्या आतेभावाच्या तोंडून ऐकत आलो आहे. ते तेव्हाही चूक होते आणि आजही चूक आहे. नवशिक्या माणूस स्वस्त बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, घेतल्याने पस्तावत नाही. त्या बॉडीवर नीट न चालणारी लेन्स घेतली की पस्तावतो, आणि मग सगळा दोष बॉडीच्या माथी मारला जातो. माझ्या बाबतीत नेमके असेच घडले.

फेब्रुवारी २०११ मध्ये वाईला आमच्या आजीचे सहस्रचंद्रदर्शन होते. त्यासाठी म्हणून मी पुण्याच्या एका दुकानातून निकॉनचा डी३१०० घेतला. सोबत १८ ते ५५ एमएमची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी झूम लेन्स होती. दादाला, म्हणजे माझ्या आतेभावाला, फिल्मच्या काळापासून फोटोंचा नाद आहे आणि त्याच्याकडे तेव्हा निकॉनचा जुना फिल्म कॅमेरा होता. त्याने फोनवर सांगितले की किट लेन्सने घरातले फोटो येणार नाहीत, त्यामुळे ५० एमएम एफ/१.८ डी ही लेन्सही घेऊन ठेव. दुकानदाराला मी एकच प्रश्न विचारला, "ही याला बसेल ना?" तो म्हणाला, "निकॉनची लेन्स निकॉनला बसणारच." ती बसली. फिरवल्यावर खट्ट असा आवाजही आला. मात्र ऑटोफोकस होत नव्हते, आणि हे मला कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी कळले.

आधी तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर एफ-ई-ई अशी तीन अक्षरे लुकलुकत राहिली आणि शटरच दाबले जाईना. लेन्सवरचे अॅपर्चरचे, म्हणजे आत येणारा प्रकाश कमी-जास्त करणारे कडे नारिंगी २२ या आकड्यावर आणून तिथे खिटी सरकवून ठेवावी लागते, हे समजायला अर्धा तास गेला. त्यानंतर शटर चालू झाले, पण फोकस हातानेच करावा लागला. आमच्या जुन्या घराच्या माजघराला खिडकी नाही. आजी पाटावर बसलेली, पुढे परातीत कणकेचे एक्क्याऐंशी दिवे आणि लेकी-सुना एकेक करून ओवाळत होत्या. विजेचे दिवे मोठ्या काकांनी मुद्दाम मालवले होते. त्या उजेडात आजीचा चेहरा जसा दिसत होता, तसा तो मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

त्या उजेडाचा हिशेब मला अजून पाठ आहे. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, १६०० ठेवला, तर किट लेन्सच्या ५५च्या टोकाला एफ/५.६वर शटरचा वेग एक अष्टमांश सेकंद येत होता. किट लेन्समधले व्हीआर आपल्या हाताची थरथर सांभाळते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही, आणि ओवाळणारा हात तर हलतच असतो. म्हणून ५० एमएम लावली. एफचा आकडा जेवढा लहान, तेवढा प्रकाश जास्त. एफ/१.८ला एफ/५.६च्या जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो, त्यामुळे तोच वेग सेकंदाच्या ऐंशीव्या भागावर गेला. पण दीड मीटर अंतरावरून एफ/१.८वर फोकसची खोली जेमतेम सहा सेंटिमीटर असते. आजी ओवाळून घेताना किंचित पुढे झुकत होती, तेवढ्यानेच डोळे फोकसच्या बाहेर जात होते. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका असतो, फोकस बरोबर झाला की तो स्थिर होतो. त्या ठिपक्याकडे पाहत मी कडे फिरवत राहिलो आणि तेवढ्यात ओवाळणे संपत गेले. एकशे चाळीस फोटोंपैकी डोळे स्पष्ट असलेले फोटो सहा निघाले, आणि त्यांतल्या एकातही आजी हसत नव्हती. फ्लॅश मारलेल्या फोटोंमध्ये सगळे स्पष्ट होते, फक्त दिव्यांचा उजेड नव्हता.

संध्याकाळी दादाने फोटो पाहिले आणि चारचौघांत म्हणाला, "स्वस्तातला घेतलास, आता भोग." त्याचे पुढचे सगळे बोलणे याच एका वाक्याभोवती फिरत राहिले आहे.

आता खरे कारण सांगतो, कारण नवशिक्यांना ते कोणी सांगत नाही. निकॉनने १९५९ सालचा आपला एफ माउंट, म्हणजे लेन्स बसवण्याची खाच, डीएसएलआरमध्ये शेवटपर्यंत बदलला नाही, आणि ऑटोफोकसचा काळ आला तेव्हा लेन्स फिरवणारी मोटर कॅमेऱ्याच्या पोटात ठेवली. लेन्समध्ये फक्त एक आटा असे आणि बॉडीतून बाहेर आलेले पेचकसासारखे टोक तो फिरवत असे. २००६ मध्ये डी४० आणताना कॅमेरा लहान आणि स्वस्त व्हावा म्हणून ती मोटर काढून टाकण्यात आली. डी३०००, डी५०००पासून पुढच्या त्या दोन्ही मालिकांमध्ये ती नाही. अशा बॉडीवर एएफ-एस किंवा एएफ-पी, म्हणजे स्वतःची मोटर असलेल्या लेन्सच ऑटोफोकस करतात. कॅननने १९८७ मध्ये जुना माउंट सरळ सोडून ईएफ हा नवा आणला, त्यामुळे जुन्या लेन्स बाळगणारे लोक नाराज झाले, पण नव्या प्रत्येक ईएफ लेन्समध्ये मोटर आली. म्हणून कोणतीही ईएफ लेन्स कोणत्याही ईओएस डीएसएलआरवर ऑटोफोकस करते आणि कॅनन घेणाऱ्यावर माझ्यासारखी वेळ येत नाही. निकॉनच्या ५० एमएमची एएफ-एस आवृत्ती, म्हणजे एफ/१.८ जी, एप्रिल २०११ मध्ये जाहीर झाली. आमचा कार्यक्रम फेब्रुवारीत होऊन गेला होता.

दादाचा सल्ला त्याच्या कॅमेऱ्यापुरता बरोबर होता, हेही मी मान्य करतो. फिल्म कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर मोठा आणि उजळ असतो, मध्यभागी दुभंगलेली प्रतिमा जुळवून हाताने फोकस करता येतो. एन्ट्री लेव्हल डीएसएलआरमध्ये काचेच्या प्रिझमऐवजी आरसे जोडलेले असतात, त्यामुळे आतले चित्र लहान आणि अंधूक दिसते. शिवाय सेन्सर लहान असल्याने ५० एमएम लेन्स निकॉनवर ७५ एमएमसारखी आणि कॅननवर ८०सारखी दिसते. त्या माजघरात मी भिंतीला पाठ टेकून उभा होतो, तरी आजी आणि परात एका चौकटीत मावत नव्हती. म्हणजे बॉडीला मोटर असती तरी ती लेन्स त्या खोलीसाठी चुकीचीच होती. हा मुद्दा मी दादाला निदान दहा वेळा मांडला आहे.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मी ३५ एमएम एफ/१.८ जी ही डीएक्स, म्हणजे लहान सेन्सरसाठीची लेन्स घेतली. २००९ पासून ती बाजारात होती, म्हणजे फेब्रुवारीतही मिळाली असती. बॉडी तीच, डी३१००. दिवाळीत आजी त्याच माजघरात समईशेजारी बसून मेथी निवडत होती. मी दारातून हाक मारली, तिने मान वर केली, आणि तो एक फोटो आला. डोळ्यांत समईच्या दोन वाती दिसतात, बोटांत मेथीची काडी आहे आणि मागची भिंत काळोखात विरघळली आहे. तोवर दादाने डी७००० घेतला होता. त्याच्या मते तो फोटो आला तो नशिबाने.

आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. ३० हजारांत नवा डीएसएलआर शोधू नका. २०२० नंतर कॅनन किंवा निकॉन यांपैकी कोणीही नवा हौशी डीएसएलआर आणलेला नाही, कारण दोघेही मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळले आहेत. त्यामुळे उत्तम स्थितीतले कॅमेरे वापरलेल्या मालात मिळतात. तुमचे फोटो घरातले, मुलांचे आणि सणवारांचे असणार, असे तुम्ही लिहिले आहे. त्यासाठी मी निकॉनचा वापरलेला डी३३०० आणि त्यावर ३५ एमएम एफ/१.८ जी हेच सांगेन. डी३४०० आणि डी३५०० नंतरचे आहेत, पण त्या दोन्हींतून सेन्सर झटकून साफ करणारी यंत्रणा आणि बाहेरचा माइक जोडण्याची जागा काढून टाकलेली आहे, आणि आपल्याकडची धूळ पाहता ही यंत्रणा असणे मला महत्त्वाचे वाटते. डी३५००ची बॅटरी मात्र खरोखरच फार चालते. निकॉनमध्ये एएफ-पी लेन्सबाबत सावध राहा, कारण डी३१०० आणि डी३२००वर ती फोकसच करत नाही, अगदी हाताने कडे फिरवूनही नाही.

कॅनन घ्यायचाच असेल तर वापरलेला २००डी पाहा. ३०००डी घेऊ नका. त्याचा माउंट प्लास्टिकचा आहे आणि व्ह्यूफाइंडरला चष्म्याच्या नंबरप्रमाणे जुळवून घेण्याचे चाकही नाही. कॅननमध्ये घरातल्या फोटोंसाठी स्वस्त आणि लहान लेन्स म्हणजे २४ एमएम एफ/२.८. ती चांगली आहे, पण एफ/१.८च्या तुलनेत तिच्यातून निम्म्याहून कमी प्रकाश येतो. माझा कल निकॉनकडे आहे तो ३५ एमएम एफ/१.८ या एवढ्याच एका लेन्समुळे. मेगापिक्सेलची चर्चा मात्र डोक्यातून काढून टाका.

वापरलेला कॅमेरा घेताना दिवसा जा. एफ/२२ला आकाशाचा फोटो काढून पडद्यावर मोठा करून पाहा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्ये शटर किती वेळा चालले याची नोंद असते, ती पाहून घ्या. लेन्स कॅमेऱ्यातून काढा, दोन्ही बाजूंची झाकणे काढा आणि तिच्यातून टॉर्चचा झोत टाका. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले, तर ती बुरशी आहे आणि लेन्स कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नका. कोकणातून किंवा मुंबईतून आलेल्या लेन्सची ही तपासणी दोनदा करा. घरी आणल्यावर पावसाळ्यात ती कपाटात, कापडी बॅगेत ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि त्या पुड्या ओलसर झाल्या की बदला.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगतो. तुम्हाला मुख्यतः व्हिडिओ करायचा असेल तर माझा हा सल्ला तुमच्यासाठी नाही, तुम्ही मिररलेसच पाहा. पक्ष्यांचे फोटो काढायचे असतील तर ३५ एमएम काहीच कामाची नाही. लग्नाच्या कामांसाठी कॅमेरा हवा असेल, तर तुमचे सहकारी बरोबर आहेत आणि वरचे मॉडेलच घ्या, कारण तिथे दोन कार्ड आणि मजबूत बॉडी लागते. तुमच्याकडे वडिलांच्या किंवा काकांच्या काळातल्या निकॉनच्या जुन्या ऑटोफोकस लेन्स पडून असतील, तर मोटर असलेला वापरलेला डी७००० किंवा डी७१०० घेणे शहाणपणाचे ठरेल. पण ज्याच्याकडे एकही लेन्स नाही आणि ज्याला घरातल्या माणसांचे फोटो काढायचे आहेत, त्याने वरच्या मॉडेलसाठी थांबू नये. मी थांबलो असतो तर आजीची ती दिवाळी हुकली असती. पुढच्या वर्षी चैत्रात ती गेली.

मेथी निवडतानाचा तो फोटो दादाने माझ्याकडून मागून घेतला आणि बारा बाय अठरा इंचांत छापून स्वतःच्या बैठकीत लावला आहे. डी३१००ची फाइल ४६०८ बाय ३०७२ पिक्सेलची, म्हणजे त्या आकारात इंचाला २५६ ठिपके येतात आणि अगदी जवळ जाऊन पाहिले तरी आजीच्या पापण्या मोजता येतात. घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्यासमोर थांबतो. गेल्या गणपतीत एकाने दादाला विचारले की हा कोणत्या कॅमेऱ्याने काढला, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. दादाने कॅमेऱ्याचे नाव सांगितले, पुढे काही बोलला नाही.